घरचं भाजलेलं फौजेतल्या लेकापर्यंत: पोस्टाच्या एपीओ फ्लॅट रेट बॉक्सचा तीन वर्षांचा अनुभव

माझा मुलगा अमेरिकन आर्मीत आहे, आधी कोरियात होता आणि आता आखातात आहे, नक्की कुठे ते लिहीत नाही कारण ते लिहायचं नसतंच, आणि गेल्या तीन वर्षांत मी त्याला घरी भाजलेलं खाणं, म्हणजे कुकीज, टोस्ट, जिरा बिस्किटं, नानकटाई, अशी मिळून एकवीस खोकी पाठवली. आमच्या मंडळातल्या दोघीतिघींची मुलं आता नेव्हीत आणि एअर फोर्समध्ये गेलीत, प्रत्येकीचा रात्री फोन येतो की अगं तू कसं पाठवतेस, काय पाठवतेस, फुटत नाही का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. रिव्ह्यू आहे इथल्या, अमेरिकेतल्या सरकारी पोस्टाच्या, म्हणजे यूएसपीएसच्या, मिलिटरी मेल सेवेचा आणि त्यांच्या त्या एपीओ फ्लॅट रेट खोक्याचा, म्हणजे फौजेच्या पत्त्यावर एकाच ठरलेल्या भावात जाणाऱ्या खोक्याचा.

आधी सांगते मला काय वाटतं ते. सेवा चांगली आहे, मी दुसरं काही शोधायला गेलेच नाही आणि खाजगी कुरियरवाले या पत्त्यांवर स्वतः पोचवत नाहीत, तिथे पोस्टच लागतं. पण खोकं पोचणं वेगळं आणि आतलं खाणं खाण्यासारखं पोचणं वेगळं, हे मला पहिल्या चार-पाच खोक्यांनंतर कळलं. पहिलं पोस्टाचं काम, ते ते करतात. दुसरं पूर्णपणे आपल्या ओव्हनपासून सुरू होतं.

पत्त्याचं आधी बोलू कारण तिथेच लोक घाबरतात. पत्ता दिसायला विचित्र असतो. गावाच्या जागी एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस (एअर फोर्सलाही तेच), जहाजांना आणि नेव्हीला एफपीओ, वकिलातीत असेल तर डीपीओ. राज्याच्या जागी एई, एपी किंवा एए. एई मध्ये युरोप, आखात, आफ्रिका हे सगळं येतं, एपी म्हणजे पॅसिफिककडचं, आणि एए म्हणजे खाली दक्षिणेकडची अमेरिका. मग झिपकोड. रस्त्याच्या जागी युनिट नंबर किंवा पीएससी किंवा सीएमआर (ही तिकडच्या टपालघरांची लघुरूपं) आणि बॉक्स नंबर, जो मुलगा कळवेल तो जसाच्या तसा. आणि देशाचं नाव लिहायचंच नाही! माझ्या यजमानांनी पहिल्यांदा खाली मोठ्या अक्षरात 'साउथ कोरिया' लिहिलं होतं, त्यांना वाटलं मदत होईल, काउंटरवरच्या बाईंनी लेबल बदलायला लावलं, म्हणाल्या देशाचं नाव लिहिलं तर खोकं त्या देशाच्या साध्या पोस्टात शिरू शकतं आणि मग सगळाच घोळ. फार शांतपणे समजावलं त्यांनी, आजही त्याच असतात तिथे.

भाव देशातल्या देशात पाठवल्यासारखाच पडतो, ही या सेवेची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, खोकं आठ हजार मैलांवर जाऊ दे नाहीतर शेजारच्या राज्यात. कारण पोस्ट ते आपल्या गेटवेपर्यंत, म्हणजे फौजेचं टपाल जिथून बाहेर जातं त्या केंद्रापर्यंत नेतं, आणि पुढे मिलिटरीची स्वतःची मेल यंत्रणा उचलते. आमची खोकी सगळी शिकागोला जातात, ट्रॅकिंगवर शिकागो दिसलं की पुढे बरेचदा काही दिसत नाही आणि पहिल्यांदा पाठवणाऱ्याचा जीव तिथेच टांगणीला लागतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर स्कॅन होईलच असं नसतं, त्यामुळे शिकागोनंतर आठ-दहा दिवस काही हललं नाही तर घाबरू नका. मी पहिल्या खोक्याच्या वेळी दिवसातून सहा-सात वेळा बघायचे, आता बघत नाही, मुलाचा मेसेज येतो तोच माझा ट्रॅकिंग नंबर.

आता ते खोकं. लार्ज फ्लॅट रेटमध्ये एपीओ/एफपीओसाठी वेगळं खोकं येतं, आतून १२ बाय १२ बाय साडेपाच इंच, ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, भाव एकच. २००८ च्या मार्चमध्ये हे मोठं खोकं निघालं तेव्हा साधं १२.९५ डॉलरला आणि सैनिकांच्या पत्त्यासाठी दोन डॉलर कमी, १०.९५ ला होतं. आता वीस डॉलरच्या वर गेलंय, पण सैनिकांच्या पत्त्यावर थोडं कमी ही पद्धत चालू आहे. खोकी फुकट मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे त्यांचं मिलिटरी केअर किट असतं, ऑनलाइन मागवलं की खोकी, टेप, पत्त्याची लेबलं, कस्टम्सच्या फॉर्मची पाकिटं सगळं एकत्र घरी येतं, पैसे नाहीत. ते एकदा मागवून ठेवा, कारण खरी अडचण पाठवायच्या आदल्या रात्री टेप संपण्याची असते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. फ्लॅट रेटचा फायदा जड वस्तूंना. कुकीज हलक्या असतात, माझं गच्च भरलेलं खोकंसुद्धा सहा-सात पौंडांच्या वर जात नाही. तुम्ही नुसत्या कुकीज पाठवत असाल आणि खोकं छोटं असेल तर काउंटरवर वजनाने काय पडतं तेही विचारा, कधीकधी तुमच्या राज्यावर अवलंबून ते स्वस्त पडतं. मी फ्लॅट रेटच घेते कारण कुकीजच्या जोडीला मोजे, सुकामेवा, लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी असं काहीबाही जातं, मग परवडतं.

कस्टम्सचा फॉर्म लागतो, देशातल्यासारखा भाव असला तरी. घरी पोस्टाच्या साइटवरच्या क्लिक-एन-शिपवर भरून प्रिंट काढलीत तर सगळ्यात सोपं. हाताने भरायचा असेल तर २९७६-आर नंबरचा कागद काउंटरवर मिळतो, तो भरून दिला की ते कॉम्प्युटरमध्ये टाकतात. त्यात नुसतं 'फूड' किंवा 'गिफ्ट' लिहू नका, 'ओटमील कुकीज', 'जीरा बिस्किट्स', किती, वजन किती, असं लिहा. काय चालतं काय नाही ते झिपकोडप्रमाणे बदलतं, पोस्टाच्या साइटवर झिपकोड टाकून बघता येतं. आखातातल्या बऱ्याच पत्त्यांना डुकराचं मांस चालत नाही, म्हणजे वर बेकन घातलेलं काही केलंत तर ते गेलं, आणि दारू पोस्टाने पाठवायचीच नसते, म्हणून मी रम भिजवलेला केकही पाठवत नाही.

वेळ. माझ्या अनुभवात कोरियाला १० ते १४ दिवस, आखातात १६ ते २५ दिवस. ख्रिसमसच्या आधी पोस्ट दरवर्षी शेवटच्या तारखा जाहीर करतं, प्रायॉरिटी मेलला (ही फ्लॅट रेट खोकी त्यातच जातात) साधारण डिसेंबरच्या सुरुवातीच्या असतात. दिवाळीसाठी मात्र पोस्ट काही जाहीर करत नाही, ते आपलं आपण धरायचं. मी लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक महिना आधी खोकं टाकते. आणि तिथेच खरी अडचण आहे, कारण तेव्हा आखातात अजून भाजून काढणारं ऊन असतं. भर उन्हाळ्यात कुवेतमध्ये पारा ५० अंशांपर्यंत जातो, आणि खोकं काही एसीत ठेवलेलं नसतं, कंटेनरमध्ये, धावपट्टीच्या कडेला, ट्रकमध्ये असं असं पडत जातं. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, लोण्याचंही साधारण तसंच. आता विचार करा.

हे सगळं मला पुस्तकातून नाही कळलं. मागच्या वर्षी मे महिन्यात मी एक खोकं पाठवलं आणि पत्त्यात जुना युनिट नंबर लिहिला. मुलाने नवीन कळवला होता, माझ्याकडे मेसेज होता, मी लेबल आधीच्याच कागदावरून उतरवलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेच खोकं आमच्या दारात परत आलं, अकरा आठवडे फिरून, प्रायॉरिटी मेल असल्यामुळे परतीचे पैसेही घेतले नाहीत. मला रडूच आलं होतं. पण मग हे म्हणाले उघडून तरी बघ काय झालंय आत, आणि गराजमध्ये जुने कागद पसरून मी ते उघडलं, एक एक वस्तू काढून मांडली, आणि खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते आधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

टोस्ट पहिल्या दिवसासारखे कडक. वेलचीचा वास गेला होता, पण एकही तुटला नव्हता, मी एक चहात बुडवून खाल्ला. ओटच्या कुकीज, ज्या चिप्सच्या उंच गोल डब्यात एकावर एक रचल्या होत्या, त्या शाबूत, जरा चिवट झालेल्या पण चवीला छान. जिरा बिस्किटं तशीच खुसखुशीत, फक्त वरची दोन कडेला झिजलेली. नानकटाई... नानकटाईकडे बघवेना. पिशवीत खाली बोटभर रवा जमलेला, तूप सुटून कागद पारदर्शक झालेला, आणि पिशवी उघडल्याबरोबर खवट वास. बनाना ब्रेड मी ओलसर करते, घरी सगळ्यांना तसाच आवडतो, त्याच्यावर हिरवी-पांढरी बुरशी, कापसासारखी. चॉकलेट चिप कुकीज वितळून परत घट्ट होऊन एकच ढेप झालेली आणि चॉकलेटवर पांढुरकी साय आल्यासारखी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खोक्याच्या ज्या बाजूला मी साबणाच्या दोन वड्या आणि बाम ठेवला होता, त्या बाजूच्या शंकरपाळ्या, बेक केलेल्या होत्या, दिसायला एकदम नीट, पण तोंडात टाकली आणि साबण. घट्ट बंद पिशवीतून सुद्धा वास आत गेला होता. मी आधीच्या खोक्यांतही साबण टाकत होते आणि मुलगा बिचारा दर वेळी 'छान होतं आई' म्हणत होता.

त्या दिवसापासून खाण्याचं आणि साबण-शॅम्पू-बाम यांचं खोकं वेगळं. एकत्र कधीच नाही.

तर काय भाजायचं. सगळं पाण्यावर आहे. ज्यात ओल कमी ते टिकतं, ज्यात ओल जास्त त्याला बुरशी येते. आपल्याकडे टोस्ट दोनदा भाजतात ते यासाठीच, एकदा पाव भाजायचा, मग काप करून परत मंद ओव्हनमध्ये कोरडे होईपर्यंत ठेवायचे, इटालियन लोकांची बिस्कॉटी पण हेच आहे, नावच दोनदा भाजलेलं. मी आता बदाम-पिस्ते घालून बिस्कॉटी करते आणि त्यात वेलची आणि थोडं केशर, कोणाला सांगितलं नाही तर ती इटालियन नाही असं वाटणार नाही आणि मुलाला मात्र घास घेतल्यावर घर आठवतं. जिरा बिस्किटं, ओवा घातलेले तिखट चौकोन, आल्याच्या कडक कुकीज, शॉर्टब्रेड थंडीच्या दिवसांत, हे सगळं जातं. नानकटाई पाठवायचीच असेल (आणि मला पाठवायचीच असते) तर तूप थोडं कमी, रव्याऐवजी थोडं बेसन जास्त, आकार छोटा, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्येच.

ओटच्या कुकीजबद्दल जरा जास्त लिहिते कारण त्या खरोखर या कामासाठीच आहेत. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या नावाने ती बिस्किटं ओळखली जातात, अँझॅक बिस्किटं. ऑस्ट्रेलियात तो शब्द १९२१ च्या नियमांनी राखलेला आहे आणि तिथे त्याला कुकी म्हटलेलं चालत नाही, बिस्किटच म्हणायचं, मला हे फार आवडतं. त्यात अंडं नाही, म्हणून टिकतात, आणि आपल्यातल्या अंडं न खाणाऱ्यांनाही करता येतात. प्रमाण: एक कप ओट्स, एक कप मैदा, एक कप सुकं किसलेलं खोबरं, पाऊण कप साखर, १२५ ग्रॅम लोणी, दोन चमचे (मोठे) गोल्डन सिरप, एक छोटा चमचा खायचा सोडा दोन मोठे चमचे उकळत्या पाण्यात विरघळवून. लोणी आणि सिरप एकत्र गरम करायचं, त्यात सोड्याचं पाणी ओतलं की फसफसून वर येतं, भांडं मोठं घ्या, मग कोरड्यात मिसळून गोळे करून ३२५ फॅरनहाइटला बारा ते पंधरा मिनिटं. गोल्डन सिरपऐवजी मी काकवी घालते. काकवीचा तो गुळमट, जरा धुरकट वास भाजताना घरभर होतो, हे वरून उतरून येतात बघायला. काकवी, मध, सिरप असलं काही घातलं की बिस्किट ओल धरून ठेवतं, दगड होत नाही, आणि तरी बुरशी येण्याइतकं ओलं राहत नाही. पाठवायची असतील तर मी दोन मिनिटं जास्त भाजते.

चॉकलेट हवंच असेल तर रंगीत साखरेचं कवच असलेल्या गोळ्या घाला, एमअँडएम. त्या निघाल्याच १९४१ मध्ये आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याला जायच्या, वितळून हाताला चिकटू नये हाच हेतू. उन्हाळ्यात त्यासुद्धा मी कुकीत भाजत नाही, वेगळं पाकीट टाकते.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल मी हात जोडून सांगते. काचेच्या बरणीत केक भाजायचा आणि गरम असतानाच झाकण लावून हवाबंद करायचा, सैनिकांना पाठवायला उत्तम, महिनोनमहिने टिकतो, असं पुष्कळ जणी सुचवतात. करू नका. इथल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशनने, जॉर्जिया विद्यापीठातलं आहे ते, याच्या विरुद्ध स्पष्ट सल्ला दिलेला आहे. केकमध्ये आंबटपणा कमी, ओल भरपूर, आणि बरणीत हवा नाही, म्हणजे बॉट्युलिझमचे, जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढायला लागतं ते सगळं तयार. आणि त्याला बुरशीसारखा रंग नाही, वास येईलच असं नाही, त्यामुळे समोरच्याला कळायचं काही साधन नाही. ओलसर केक व्हॅक्यूम पिशवीत बंद करणं हाही तोच धोका. माझ्या मैत्रिणीने दोन बरण्या पाठवायला काढून ठेवल्या होत्या, मी फोनवर अर्धा तास समजावलं, ती रागावली, पण नाही पाठवल्या. लेकरं रणरणत्या उन्हात काम करतायत, त्यांना आपल्या हातचं खाऊन आजारी पाडायचं का. कोरड्या कुकीज व्हॅक्यूम करा हवं तर, पण मशीन पूर्ण ओढायच्या आधी थांबवा नाहीतर चुरा होतो.

पॅकिंगची माझी पद्धत आता ठरून गेली आहे. भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं, म्हणजे रात्रभर जाळीवर, वरून पातळ कापड. कोमट भरलं की आत वाफ धरते आणि तिथूनच सगळं बिघडतं. चिप्सचे उंच गोल डबे जमवून ठेवते, शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय, डब्याचा व्यास साधारण तीन इंच, म्हणून मी बिस्किटं अडीच इंचांच्या वाटीने कापते, मग ती आत रचली की आजूबाजूला पार्चमेंट कागदाची गुंडाळी बसते. दर चार-पाच बिस्किटांनंतर एक गोल कागद. वरून मुठीएवढा चुरगळलेला कागद, डबा कानाशी धरून हलवायचा, आवाज आला म्हणजे जागा आहे, आवाज बंद होईपर्यंत कागद घालायचा. मग झाकण, टेप, आणि डबा झिपच्या पिशवीत. असे चार डबे त्या १२ इंची खोक्यात तळाला आडवे बरोब्बर बसतात, जणू त्यांच्यासाठीच बनवलंय. वर अडीच इंच उरतात, तिथे टोस्टचे चपटे पुडे, सुकामेवा, पत्र. लांबीला जी फट राहते तिथे गुंडाळलेले मोजे. काही जणी मधे पॉपकॉर्न भरतात फुटू नये म्हणून, नका भरू, ते शिळे होतात आणि किडे लागायची भीती. कुकी मऊ राहावी म्हणून पावाचा तुकडा ठेवायचा, हे घरच्या डब्यात ठीक, तीन आठवड्यांच्या प्रवासात त्या तुकड्यालाच आधी बुरशी येते.

आणि आत एक कागद पत्त्याचा, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, वरचं लेबल फाटलं तर. त्याच कागदावर मी प्रत्येक डब्यात काय आहे, अंडं आहे का, शेंगदाणे-बदाम आहेत का, आणि कधी भाजलंय ते लिहिते. हे फार महत्त्वाचं, कारण खोकं तुमच्या मुलाच्या नावावर असलं तरी खाणारा तो एकटा नसतो, आणि बाकीच्यांत कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तुम्हाला काय माहिती.

एकट्यापुरतं पाठवूच नका असं माझं म्हणणं आहे. मुलाने सांगितलं की मेल कॉल, म्हणजे टपालवाटप, झाला की ज्यांचं काही आलं नाही ते पण तिथेच घुटमळत असतात. त्याच्या तुकडीत एक मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा, त्याला घरून कधी काही येत नाही. ते कळल्यापासून मी एक डबा किंवा पुडा वेगळा भरते आणि वर त्याचं नाव घालते. पूर्वी 'कोणाही सैनिकाला' असं लिहून लोक पाठवू शकायचे, १९९१ च्या आखाती युद्धात अशी पत्रं-खोकी भरपूर गेली, पण २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवल्याच्या प्रकारानंतर ते बंद केलं, तेव्हापासून नाव लागतंच. त्यामुळे ज्यांचं कोणी ओळखीचं फौजेत नाही आणि तरी काही पाठवायचंय, त्यांनी संस्थांकडे जावं, पण बऱ्याच संस्था घरचं खाणं घेत नाहीत, बंद पाकिटातलंच घेतात, आणि अनोळखी माणसाच्या हातचं खायला द्यायचं नाही हे बरोबरच आहे. म्हणून ज्यांचं मूल तिथे आहे त्यांनीच दोन मूठ जास्त भाजावं. त्याला ओळखतात, त्याच्या आईचं आहे हे माहिती असतं, मग खातात.

शेजारच्या आजींचे यजमान व्हिएतनामला होते. त्या म्हणाल्या आम्ही कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात पाठवायचो, आणि ते तिकडून लिहायचे की चुरा झाला होता पण चुराही चमच्याने खाल्ला. युद्धाच्या जागेवरून सैनिकाला पत्रावर तिकीट लावावं लागत नाही, कोपऱ्यात 'फ्री मेल' लिहायचं, त्यांच्याकडे तशी पत्रं अजून आहेत, एक मला दाखवलं. माझा मुलगा पत्र लिहीत नाही, मेसेज करतो. पण एकदा रिकाम्या डब्याचा फोटो पाठवला होता, आतल्या पार्चमेंट कागदावर पेनाने सहा जणांनी सह्या केलेल्या, खाली 'थँक यू मॅम'. तो फोटो आमच्या फ्रीजवर आहे.

बाहेरून मागवलेल्याशी तुलना करायची तर मी एकदा आजारी होते तेव्हा एका कंपनीकडून ऑनलाइन कुकीजचा डबा पाठवला होता, नाव घेत नाही. दिसायला सुंदर, रिबीन वगैरे. वेळेत पोचला, चवही बरी असावी. पण तो तिकडे दोन दिवस तसाच टेबलावर होता असं मुलगा म्हणाला, तसलं सगळं त्यांच्या डीफॅकमध्ये, म्हणजे मेसमध्ये, मिळतंच. जिरा बिस्किटांचा डबा मात्र दहा मिनिटांत संपतो. यात माझ्या हाताचं कौतुक नाही, दुकानात जे मिळत नाही ते पाठवलं तर त्याची वाट बघतात एवढंच. त्यांना चॉकलेट चिप कुकी तिथे मिळते. ओवा मिळत नाही.

सेवेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी ठेवला की हलक्या खाण्यासाठी हा सपाट भाव दर वेळी फायद्याचा नाही, आणि नव्या माणसाला ते कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. खोक्याच्या मजबुतीला पूर्ण मार्क, एकवीस खोक्यांत एकही फाटलं नाही, अकरा आठवडे फिरून आलेलंसुद्धा फक्त कोपऱ्यांना दबलं होतं. टेप मात्र सगळ्या कडांना लावा, नुसती मधे नको.

बाविसावं खोकं आत्ता डायनिंग टेबलावर उघडं आहे. दोन डबे ओटची बिस्किटं, एक बिस्कॉटी, आणि एक जिरा बिस्किटांचा पूर्ण डबा, तो त्यांच्या सार्जंटसाठी, कारण मागच्या वेळी त्याला एकच मिळालं होतं आणि त्याने मुलाला विचारलं की तुझ्या आईला सांगून बघशील का. त्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी चपट्या पुड्यात टोस्ट, वर त्याचं नाव. नाव लिहिण्याआधी स्पेलिंग मुलाला विचारलंय, त्याचं उत्तर आलं की टेप लावते, पोस्ट साडेचारला बंद होतं.